तात्यांची तीन पाणी

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राला तात्यांनी पहिल्याच दिवशी थुंकी लावली. आधी तर्जनी जिभेवर टेकवली, मग ती विद्यापीठाच्या निळ्या शिक्क्यावर ठेवून हळूच घासली, बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "शाई खरी दिसून राह्यली. बसा." जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतला माझा तो पहिला दिवस. अंगावर नवा कोरा ड्रेस, आणि समोरचा माणूस माझ्या चार वर्षांच्या अभ्यासाला थुंकी लावत होता. या माणसाशी आपलं जमायचं नाही, हे मी तिथंच ठरवून टाकलं. त्या शिक्क्याची एक कड आजही फिसकटलेली आहे. कुठं कागद दाखवायची वेळ आली की त्यावरून मलाच प्रश्न विचारतात.

शेषराव हे त्यांचं नाव, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्यांना तात्याच म्हणत. मूळचे भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचे. अंगानं काटक, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा शर्ट, वरच्या खिशात भिंग. शिक्षण बारावीपर्यंतच, पण त्यांच्या सहीशिवाय बियाण्याची एक पिशवी बाहेर जात नसे. त्यांचं कामच संशय घेण्याचं होतं आणि ते त्यांनी घरीही नेलं. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर घेऊन बघायचे. लग्नपत्रिका आली की तारीख आणि वार जुळतात का, हे कॅलेंडरात बघितल्याशिवाय लग्नाला जात नसत. एकानं वेळ सांगितली की दुसऱ्याला विचारत, आणि दोन घड्याळांत फरक निघाला की त्यांचा चेहरा खुलायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा हा गृहस्थ मला न सांगता मुलाच्या गावी जाऊन, त्याच्या दुकानासमोर अर्धा दिवस बसून आला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "पोरगा बराबर हाय. एक दाढ किडलेली हाय त्याची, ती काढून घ्यायला सांग." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. दाढ मात्र खरंच किडलेली निघाली.

त्यांच्या टेबलावर काचेचे तीन पेले कायम असत. पेरणीच्या बियाण्याला औषधाचा रंग दिलेला असतो, गुलाबी, निळा, हिरवा. बोगस माल करणारे बाजारातलं साधं धान्य उचलतात, त्याला तसाच रंग फासतात आणि चकचकीत पिशवीत भरतात. असले संशयित नमुने तात्यांकडे यायचे. पहिल्या पेल्यात थंड पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात साबणाचं. रंग पहिल्याच पाण्यात भसकन सुटला तर माल खोटा. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात सावकाश सुटला तर खरा. "जल्दी सुटला तर बोगस, धीरे सुटला तर बराबर," असं ते प्रत्येक नव्या माणसाला घोकायला लावत. तिन्ही पाण्यांत सुटलाच नाही तर काय समजायचं, असं मी एकदा विचारलं. तात्यांनी चष्मा काढला. "मंग तर लईच जपायचं. जो माल कायबी सोडत न्हाई, तो सगळ्यात पक्का चोर." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी वहीत लिहून घेतलं.

त्यांची आणखी दोन वाक्यं सांगायला हवीत. आम्ही बियाणं ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायचो, चार-सहा दिवसांनी उगवलेली रोपं मोजायचो आणि सगळी मागच्या खड्ड्यात टाकून द्यायचो. कपाशीचे ते पांढरे तजेलदार कोंब फेकताना सुरुवातीला मला फार वाईट वाटे. हे कुठंतरी लावून टाकू या, असं मी म्हणाले, तर तात्या म्हणाले, "तपासलेलं बी पेरता येत न्हाई, पोरी. त्याचं काम तपासणीतच संपलं." त्यांच्या बोलण्यात ना दुःख होतं ना शहाणपणाचा आव. चहा गार झाला म्हणावं तसं म्हणाले.

दुसरं वाक्य माणसांबद्दलचं. एक विक्रेता खराब निघालेल्या मालाचा खुलासा द्यायला आला होता. गाडी सोमवारी कशी आली, सव्वातीन वाजता माल कसा उतरला, तेव्हा अमुक हमाल कसा हजर होता, वरून त्यांनी चहा कसा घेतला, सगळं त्यानं भडाभडा सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि त्याचे आणखी चार नमुने मागवले. चारही बोगस निघाले. मला म्हणाले, "खरं बोलणाऱ्याच्या ध्यानात वार राहत न्हाई. खोटं बोलणारा न इचारता वार सांगतो, येळ सांगतो आन् कोण कोण हजर व्हतं ते बी सांगतो." हे ते जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा सांगत की आमच्यात कुणी घरचा किस्सा सांगायला लागलं आणि त्यात वार आला, तर बाकीचे हसायचे.

हसणाऱ्यांत सगळ्यात पुढं मुनीरभाई. पिशव्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर ते होते. तात्यांनी पास केलं की ते शिवणार, अशी त्या दोघांची वीस-बावीस वर्षांची जोडी. "तात्या, तुमी शक करा, मी टाके मारतो," असं म्हणायचे. दोघं एकत्र जेवत. मुनीरभाईंचा डबा उघडला की तात्या आधी वास घेत, मुनीरभाई विचारत, "झाला पंचनामा?" आणि मगच घास तोंडात जाई. एक जण कुणावरच विश्वास ठेवत नसे, दुसरा दिसेल त्याच्यावर ठेवायचा. तात्यांना त्याची भारी काळजी. मुनीरला कुणीबी टोपी घालू शकतं, असं ते मला शंभरदा म्हणाले असतील.

दोघं मागेपुढे निवृत्त झाले. तात्यांची पत्नी आधीच गेली होती आणि मुलगी लग्न होऊन लांब, त्यामुळे रविवारी मी त्यांच्याकडे डोकावायची आणि बहुतेक वेळा आम्ही तिथून मुनीरभाईंच्या घरी जायचो. तिथंच एका रविवारी मी नूरीला पाहिलं.

मुनीरभाईंचा भाचा हैदराबादला परदेशी पाखरं पाळतो, त्यांची पिल्लं वाढवतो. त्यानं मामाला ही भेट दिली होती. समुद्रापलीकडे बाली नावाचं बेट आहे, तिथल्या रानातली मैना. मुनीरभाईंनी ही माहिती इतक्या अभिमानानं सांगितली, जणू ते बेट त्यांच्या आजोळचं आहे. रानात आता ही जात मोजकीच उरली, पकडून पकडून लोकांनी संपवली, ही पिंजऱ्यातच जन्मलेली; वनखात्याकडे नोंद केल्याचा कागदही त्यांनी दाखवला. पाखरू आपल्या साळुंकीएवढंच, पण अंगानं पांढरंशुभ्र. पंखांची आणि शेपटीची टोकं तेवढी काळी, डोळ्यांभोवती उघडी निळी कातडी, आणि डोक्यावर मागं पडलेला लांब पांढरा तुरा. गाताना ती तुरा उभारायची आणि सगळं अंग खालीवर हलवायची. तिचा आवाज गोड होता असं म्हटलं तर ते पुरेसं नाही. आधी एक लांब शीळ, मग बारीक टकटक, मग पाण्यात गडवा बुडवल्यासारखा काहीतरी गडगड आवाज, आणि पुन्हा शीळ. मी मोबाइलवर ते सगळं टिपून घेतलं. मुनीरभाईंच्या पत्नी सलमाभाभी मात्र दारातूनच बघत होत्या. त्यांना चोचीची भलती भीती. पिंजऱ्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही, पपईचे तुकडेसुद्धा लांब दांड्याच्या झाऱ्यानं आत सरकवायच्या.

तात्यांनी पाखराकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि रस्त्यात मला म्हणाले, "साळुंकी हाय. रंगवलेली. डोळ्याला नीळ लावली आन् शेपूट काळ्या रंगात बुडवली." मी मोबाइलवर बाली मैनेचे फोटो काढून त्यांच्यासमोर धरले. हुबेहूब नूरी. तात्यांनी भिंगातून एकेक फोटो पाहिला आणि म्हणाले, "फोटो बघूनच तर रंगवत्यात."

यामागं एक जुनं दुखणं होतं. त्यांची मुलगी सहा वर्षांची असताना परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या बाजारातून तात्यांनी तिला एक गुलाबी पाखरू घेऊन दिलं होतं. संध्याकाळी त्या पाखरानं वाटीत अंघोळ केली, पाणी गुलाबी झालं आणि पाखरू मातकट. पोरगी दोन दिवस रडली, माझं पाखरू परत आणा म्हणून. तात्या हे सांगायचे तेव्हा स्वतःवरच चिडायचे. रोज शंभर नमुने धुणारा माणूस, आणि पाखरू तेवढं न धुता घेतलं.

डिसेंबर संपता संपता मुनीरभाईंच्या छातीत दुखायला लागलं. हैदराबादला ऑपरेशन ठरलं. भाभीही सोबत जाणार, महिनाभर घराला कुलूप. नूरीला कुठं ठेवायचं हा प्रश्न मुनीरभाईंना स्वतःच्या ऑपरेशनपेक्षा मोठा वाटत होता. शेवटी पिंजरा घेऊन ते तात्यांच्या दारात उभे राहिले. "जालन्यात तुमच्याइतका शक्की माणूस दुसरा न्हाई, तात्या. तुमी हिला कुणाच्या हातात देणार न्हाई, म्हणून तुमच्याकडं ठिवतो." रोज अकरा वाजता फोन करीन, पिंजऱ्याजवळ धरा, मला तिची शीळ ऐकू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी तात्यांचा मला फोन आला. साक्षीला माणूस पाहिजे, म्हणाले. मी गेले तर अंगणात तीन भांडी मांडलेली. थंड पाण्याचं पातेलं, कोमट पाण्याचं पातेलं, आणि टबात साबणाचा फेस. जानेवारीचं आभाळ आलेलं, वारा बोचत होता. मुनीर हैदराबादेतच आहे, ऑपरेशनला अजून चार दिवस आहेत, भाच्यानं फसवलं असेल तर आत्ताच त्याला समोरासमोर धरता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यात लबाडी अजिबात नव्हती. मित्राला कुणी टोपी घातली असेल तर ती उतरवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पहिलं पाणी. ओला कापूस पांढऱ्या पंखावर फिरवला. काही सुटलं नाही. दुसरं पाणी. कोमट कापूस डोळ्याजवळच्या निळ्या कातडीला लावला. कापूस पांढराच. मी म्हणाले, तात्या, बास, खरी आहे ती. तात्या कापसाकडे बघत राहिले. "कायच सुटत न्हाई, पोरी. हेच तर वाईट." मला त्यांचं ते जुनं वाक्य आठवलं आणि, खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की एकदा शेवटचं बघून घ्यावं. मी हातावर टॉवेल पसरून उभी राहिले. तात्यांनी नूरीला दोन्ही हातांत धरलं आणि मानेपर्यंत टबात बुडवलं, एकदा नाही, तीनदा.

पाणी तसंच राहिलं, फेसाळ आणि बिनरंगाचं. नूरीची पिसं अंगाला चिकटून ती मुठीएवढी झाली होती, पण होती पांढरीच. तात्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. "खरी हाय," ते म्हणाले. "मुनीरला कुणी फसवलं न्हाई." आणि मग माझ्या हातांतल्या टॉवेलमध्ये ती कापायला लागली.

आम्ही बल्ब लावला, शेगडी पेटवली, गोणपाट गुंडाळलं. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. पाखराच्या पिसांवर तेल असतं, त्यानंच त्याला ऊब राहते, साबणानं तुम्ही ते सगळं काढून टाकलंत, असं ते म्हणाले. तात्यांनी मान खाली घातली. नूरीनं दोन दिवस चोच उघडली नाही. अकराचा फोन आला की तात्या म्हणायचे, झोपली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली होती. तात्यांनी तिला आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळलं आणि अंगणातल्या सीताफळाखाली पुरलं. मी पोचले तेव्हा ते मातीचे हात घेऊन तिथंच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मुनीरभाईंचं ऑपरेशन. भाभींनी आधीच बजावलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय, जिवाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. घड्याळात अकराला पाच कमी होते. मी म्हणाले, तात्या, माझ्याकडे तिचा आवाज आहे. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काही घाणेरडं बोलले होते. मग फोन वाजला. पलीकडून मुनीरभाईंचा थकलेला आवाज आला, आज तरी ऐकवा, उद्याचं कुणाला माहीत. तात्यांनी मान वळवली आणि मला हातानं खूण केली. मी माझा मोबाइल त्यांच्या फोनजवळ धरला. शीळ, टकटक, गडगड, पुन्हा शीळ. मग मुनीरभाई म्हणाले, "शुक्रिया, तात्या," आणि फोन बंद झाला. तात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आज मी बोगस माल पास केला." त्यानंतर दिवसभर ते जेवले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. महिन्यानं मुनीरभाई घरी आले. फोनवर सांगून टाका, असं मी सुचवलं, पण तात्या ऐकेनात. त्यांनी पिंजरा घासून पुसून घेतला, माझ्या स्कूटीवर मागं बसले आणि मांडीवर तो रिकामा पिंजरा धरून आले. मला वाटेत दोनदा ओरडावंसं वाटलं की घरी चला. एकमेकांशिवाय त्या दोघांना दुसरा मित्र नव्हता, आणि आज ते संपणार, असं मला वाटत होतं. शिवाय टॉवेल मी धरला होता.

मुनीरभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. भाभी चहा घेऊन आल्या. तात्यांनी पिंजरा जमिनीवर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तपासणीचा अहवाल वाचावा तसं. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. स्वतःला कुठंच सोडलं नाही. फोनवरचा आवाज नकली होता, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "ही पोरगी टॉवेल धरून व्हती. पर तिला मीच बोलावल्तं. तिचा कसूर न्हाई."

मुनीरभाई पिंजऱ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मालूम होतं मला. फोनवर शीळ चालू होती अन् मागं घड्याळाचे चार टोले पडले. अकरा वाजता चार टोले. अन् ते घड्याळ ह्याच भिंतीवरचं." आम्ही तिघांनीही भिंतीकडे पाहिलं; मी ती शीळ टिपली होती ती याच खोलीत. दुसऱ्याच्या घड्याळातली मिनिटं पकडणाऱ्या तात्यांच्या कानाला ते टोले ऐकू आले नव्हते.

"पर एक बात सांगतो, तात्या," मुनीरभाई पुढं म्हणाले. "ती साबणानं गेली न्हाई. मी बी धुतल्ती तिला. हैदराबादहून आणली त्याच हप्त्यात. मंगळवार होता. दुपारची येळ, अडीच वाजले आसतील. मोरीत निळ्या टबात, हिरव्या साबणानं. भाच्यानं उल्लू बनवलं काय, असा शक आल्ता मला. हिनंच टॉवेल धरल्ता. दोन दिवस कापली नूरी, मंग नीट झाली. साबणानं काय होत न्हाई तिला. तिची उमरच तेवढी होती."

भाभींच्या हातातली बशी मध्येच थांबली. ज्या बाईनं त्या पिंजऱ्याला कधी बोट लावलं नाही, तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "हां. मैंनेच पकडा था."

तात्या मुनीरभाईंकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखत होते. तो विक्रेता सोमवार आणि सव्वातीन सांगत होता तेव्हा हीच नजर त्याच्यावर होती. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. तात्या खाली बसले, चहाची कपबशी उचलली, वास न घेता एक घोट घेतला आणि म्हणाले, "मंग बराबर हाय."

परतताना मोती तलावाजवळ मला राहवेना. मी म्हणाले, तात्या, मंगळवार, अडीच, निळा टब, हिरवा साबण. मग ते म्हणाले, "आइकलं मी. कान शाबूत हायत माझे." आणखी थोडं पुढं गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "तपासलेलं बी पेरता येत न्हाई, पोरी. एवढं एक पेरू दे."

त्यानंतर दोघं पूर्वीसारखे भेटत राहिले. तात्या मुनीरभाईंकडे जात, मुनीरभाई तात्यांकडे येत. पिंजरा मुनीरभाईंच्या माळ्यावर गेला. तात्यांचा संशय मात्र गेला नाही. दूधवाला, पेपरवाला, हवामानाचा अंदाज सांगणारी बाई, सगळ्यांची झाडाझडती चालूच होती. पण सीताफळाजवळून जाताना ते चप्पल काढत. का, असं मी विचारलं नाही.

पोळ्याच्या सुमारास एका सकाळी पेपर वाचता वाचता ते गेले. समोर कॅलेंडर उघडं होतं, बहुधा कुठल्यातरी तारखेचा वार बघत असावेत. दहाव्याला मुनीरभाई सगळ्यात आधी आले आणि सगळ्यात शेवटी निघाले. निघताना त्यांनी मला अंगणात बाजूला बोलावलं.

"ताई, एक विचारायचं होतं. त्यांना माझी त्या दिवशीची बात खरी वाटली होती ना? त्यांनी जिंदगीत कुणाचं मानलं न्हाई. जाताना मनात ते ओझं तर न्हाई ना घेऊन गेले?"

"बिलकुल खरी वाटली," मी म्हणाले. "त्याच दिवशी घरी जाताना मला म्हणाले. गुरुवार होता तो. मोती तलावाजवळ, साडेपाच वाजले असतील, त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. म्हणाले, मुनीरनं बी धुतल्ती, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मग आम्ही तिथंच शेंगा घेतल्या. तो लाल टोपीवाला शेंगावाला होता ना, त्याच्याकडून."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी वार सांगितला आहे, वेळ सांगितली आहे, आणि कोण हजर होतं तेही, त्यांनी न विचारता. बावीस वर्षं तात्यांसोबत डबा खाल्लेला माणूस माझ्यासमोर उभा होता. मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

"शेंगावाला बी होता?" त्यांनी विचारलं.

"होता," मी म्हणाले.

"मंग बराबर हाय," मुनीरभाई म्हणाले, आणि सीताफळाजवळ चप्पल काढून, ती हातात घेऊन, फाटकाकडे गेले.